ब्रेकच्या बोल्टांबाबत तक्रार: ८५ म्हणजे ८५ काय?

प्रति,
सर्व्हिस व्यवस्थापक,
तुर्भे वर्कशॉप, नवी मुंबई

विषय: पुढच्या ब्रेक डिस्क व पॅड बदलताना बोल्ट चुकीचे आवळल्याबद्दल, आणि न बसवलेल्या बोल्टांचे पैसे लावल्याबद्दल

महोदय,

माझी २०१० ची पोर्श केमन गेल्या आठवड्यात तुमच्याकडे पुढच्या दोन्ही डिस्क आणि पॅड बदलायला दिली होती. हे काम एरवी मी घरीच करतो. या वेळी कंबर धरली होती म्हणून तुमच्याकडे आलो. मंगळवारी गाडी मिळाली, बिल भरलं, ठाणे-बेलापूर रस्त्याने घरी आलो. काही जाणवलं नाही.

रविवारी सकाळी बायकोला घेऊन घोडबंदरला निघालो. गायमुखच्या उतारावर ब्रेक दाबला आणि डाव्या पुढच्या चाकातून 'टक्' असा आवाज आला. गाडी बाजूला घेऊन जरा रिव्हर्स घेतली, ब्रेक दाबला, पुन्हा टक्. पुढे जाताना एकदा आणि मागे येताना एकदा वाजतं, म्हणजे कॅलिपर (पॅड धरून डिस्कवर दाबणारा भाग) जागचा हलतोय. सगळ्यात डावीकडच्या लेनमधून रांगत कासारवडवलीला परतलो. बायको वाटेत एक शब्दही बोलली नाही, यावरून काय ते समजा.

घरी गाडी उचलली. आधी चाकांचे बोल्ट. ते किती जोराने आवळायचे, म्हणजे टॉर्क, याचा कंपनीचा आकडा १३० न्यूटन मीटर. माझा टॉर्क पाना (ठरवलेला जोर गाठला की क्लिक होणारा) २०० वर लावून घट्ट करायच्या दिशेनेच ओढून पाहिला, तर क्लिक झालं आणि बोल्ट जागचा हललाही नाही. पुढच्या दोन्ही चाकांचे दहाच्या दहा तसेच. हवेच्या गनने ठोकून बसवलेत आणि नंतर पाना लावलाच नाही, हे सांगायला फॉरेन्सिक लॅब नको. रस्त्यात पंक्चर झालं असतं तर गाडीतल्या पान्याने हे बोल्ट सुटले नसते.

डाव्या कॅलिपरचा वरचा बोल्ट बोटांनी फिरला. होय, बोटांनी. मी फोटो काढून मगच हात लावला. नुसते पॅड बदलायचे असते तर या गाडीत कॅलिपर काढावाच लागत नाही. डिस्क बदलायची म्हणून ते दोन बोल्ट सोडावे लागतात. एका चाकाचा सगळा ब्रेकिंगचा जोर त्या दोनच बोल्टांवर येतो. त्यातला एक हाताने चार आटे फिरवून मेकॅनिक बहुधा जेवायला गेला असावा.

उजवीकडे उलटा प्रकार. खालचा बोल्ट सोडताना मऊ लागला आणि बाहेर आला तो आट्यांत अॅल्युमिनियमची वेटोळी घेऊनच. बोल्ट पोलादी, आणि कॅलिपर ज्यावर बसतो ती नकल अॅल्युमिनियमची. जास्त पिळलं तर जीव जातो तो नकलच्या आट्यांचा.

तुमच्या सुपरवायझरना फोन केला. ते म्हणाले, "साहेब, टॉर्क पान्यानेच लावलंय, बरोबर ८५ वर." मी म्हटलं, ८५ काय? पलीकडे शांतता. पान्याचा फोटो मागवला, आणि त्यांनी तो प्रामाणिकपणे पाठवला, याबद्दल आभार. पान्यावर दोन पट्ट्या आहेत आणि ८५ लावलेत ते फूट-पाउंडच्या पट्टीवर. कंपनीचा आकडा ८५ न्यूटन मीटर आहे, म्हणजे सुमारे ६३ फूट-पाउंड. तुम्ही लावलेत ते ११५ न्यूटन मीटर. म्हणजे हवा त्यापेक्षा एक तृतीयांशाहूनही जास्तीचा जोर. वर त्या आट्यांना ग्रीस फासलेलं. पान्यावर आपण जो जोर देतो त्यातला साधारण दहावा हिस्साच बोल्ट ताणायला लागतो, बाकीचा डोक्याखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात जातो. ग्रीसने घर्षण कमी केलं की त्याच आकड्याला बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो. चाकांच्या बोल्टांना कंपनी पेस्ट लावायला सांगते, तीही चाकाला टेकणारी गोल बाजू सोडून. तुमच्या माणसाने नेमकं तिथे काही लावलं नाही आणि इथे फासलं.

मी वागळे इस्टेटमध्ये २६ वर्षं इन्स्पेक्शनला होतो. एककाशिवाय आकडा लिहिलेला कागद आमचा फोरमन वाचायचाही नाही, तसाच परत भिरकवायचा. तुमच्या जॉबकार्डावर 'टॉर्क चेक' समोर फक्त बरोबरची खूण आहे. आकडाही नाही.

आता बिलाचं. या गाडीला कॅलिपरचे बोल्ट दर वेळी नवे घालायचे असतात. बिलात चार नव्या बोल्टांचे पैसे लावलेले आहेत. गाडीत निघालेल्या चारही बोल्टांच्या डोक्यांवर दोन वर्षांपूर्वी मी स्वतः ओढलेली पिवळ्या रंगाची रेघ आहे. घट्ट केलेल्या बोल्टवर रेघ मारायची कामावरची जुनी सवय. याला नजरचूक म्हणायला मी तयार नाही.

माझ्या मागण्या: उजव्या नकलचे आटे हेलिकॉइल (तारेच्या वेटोळ्याचे नवे आटे) घालून नीट करा, ते जमत नसेल तर नकल बदला. चार नवे बोल्ट खरोखर बसवा. या कामाची पूर्ण मजुरी आणि न बसवलेल्या बोल्टांचे पैसे परत करा. नव्या जॉबकार्डावर प्रत्येक बोल्टसमोर आकडा, एकक आणि पान्याची शेवटची तपासणी कधी झाली ते लिहून सही करा. त्या मेकॅनिक मुलाचा पगार मात्र कापू नका. वरून बघणाऱ्या कुणीच त्याला पट्टी कुठली ते सांगितलं नव्हतं.

१५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा आयोगाकडे जाईन. फोटो, बिलाची प्रत आणि जॉबकार्ड सोबत जोडले आहे. मूळ बोल्ट पिशवीत बांधून माझ्याकडेच ठेवले आहेत.

गाडी स्टँडवर उभी आहे. ती चालवत तुर्भ्याला आणणार नाही. गाडी वाहून नेणारा फ्लॅटबेड ट्रक तुमच्या खर्चाने पाठवा, आणि आदल्या दिवशी फोन करा. सोसायटीचं गेट छोटं आहे, समोरच्यांची गाडी हलवायला सांगावी लागते.

आपला,
एक ग्राहक, कासारवडवली, ठाणे (पश्चिम)