लोककला महोत्सवात कथेला तिचा वेळ मिळावा

माननीय संपादक महोदय,

स.न.वि.वि.

त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास सिंधुदुर्गात जत्रांचा हंगाम सुरू होतो. सोनुर्लीच्या माउलीची लोटांगणाची जत्रा, मग गावोगावचे दहीकाले, पुढे आंगणेवाडीची भराडी देवीची यात्रा आणि कुणकेश्वरची महाशिवरात्र, अशी ही रांग फाल्गुनाच्या तोंडापर्यंत चालते. गेल्या काही वर्षांत या हंगामाला लोककला महोत्सवांची जोड मिळाली आहे. कुठे गावातील मंडळ, कुठे पंचायत, कुठे एखादी सांस्कृतिक संस्था थंडीच्या दिवसांत दोन-तीन रात्री मैदानावर मांडव घालते आणि दशावतार, चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या, फुगडी, धनगरांचे चपई नृत्य, लाकडी खेळणी आणि बांबूच्या वस्तू असे सगळे एकाच ठिकाणी आणते. वर्गणी गोळा करून, स्वतःची कामे बाजूला ठेवून हे महोत्सव भरवणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण या महोत्सवांत कथा सांगणाऱ्या कलांची जी ओढाताण होते, तिच्याकडे आयोजकांचे आणि रसिकांचे लक्ष वेधावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

पिंगुळी-गुढीपूरच्या ठाकर समाजाची चित्रकथी हे या जिल्ह्याचे भूषण आहे. एका आख्यानाची चित्रे क्रमाने लावलेली असतात आणि त्या संपूर्ण संचाला पोथी म्हणतात. पोथी उघडली की आधी गणपतीचे आणि सरस्वतीचे चित्र समोर येते, त्यांचे स्तवन होते आणि मग आख्यानाला सुरुवात होते. निवेदक एकेक चित्र फळीला टेकवून उभे धरतो, त्यातील प्रसंग गाऊन आणि बोलून सांगतो, साथीदार हुडूक (हातात धरून वाजवायचे लहान चर्मवाद्य) आणि टाळ यांवर त्याला ठेका देत असतो आणि मधेच एखादा शब्द उचलून त्याला पुढे नेतो. पाहणाऱ्याची नजर चित्रावर आणि कान गाण्यावर असतात. चित्र आकाराने लहान, जेमतेम हातभर रुंद असते. त्यातील युद्धाच्या प्रसंगात बाणांची दाटी कशी केली आहे, राक्षसाचे डोळे कसे वटारलेले आहेत, दोन्ही बाजूंचे रथ एकमेकांना कसे भिडले आहेत, हे जवळ बसून पाहिले तरच कळते. ही कला मुळात देवळाच्या सभामंडपात, समोर मांडी घालून बसलेल्या माणसांसाठी घडलेली आहे. सावंतवाडी संस्थानाच्या आश्रयाने ती टिकली, संस्थान गेल्यावर तिची फार आबाळ झाली, आणि ठाकर समाजातील मोजक्या कुटुंबांनी पदरमोड करून जुन्या पोथ्या जपल्या म्हणून आज आपल्याला ती पाहायला मिळते. श्री. परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली, त्यामागे गोठ्याच्या जागेत संग्रहालय उभारण्यापर्यंतची त्यांची कित्येक वर्षांची मेहनत आहे.

अशा कलेला महोत्सवात आपण काय देतो? गेल्या हिवाळ्यात जिल्ह्यातील एका महोत्सवात मी जे पाहिले ते सांगतो. चित्रकथीचा कार्यक्रम सायंकाळच्या सत्रात, दोन समूहनृत्यांच्या मध्ये ठेवला होता. व्यासपीठ माणसाच्या छातीइतके उंच होते, पुढच्या दोन रांगा पाहुण्यांसाठी राखीव होत्या आणि त्यामागे खुर्च्या थेट मैदानाच्या टोकापर्यंत मांडल्या होत्या. निवेदकाने पोथी उघडली, गणपती-सरस्वतीचे स्तवन केले आणि सीतास्वयंवराला सुरुवात केली. मागच्या माणसांना चित्र दिसेना, म्हणून ती आपसात बोलू लागली. राजेमंडळी एकामागून एक धनुष्याकडे जात होती, निवेदकाचा आवाज नुकता कुठे लागला होता, तोच सूत्रसंचालकांनी खुणेने वेळ संपल्याचे सांगितले. म्हाताऱ्या निवेदकाने मधली चित्रे घाईघाईने उलटली, शेवटचे चित्र वर धरले, नमस्कार केला आणि पोथी कापडात गुंडाळली. धनुष्यभंग झालाच नाही. टाळ्या भरपूर पडल्या, शाल-श्रीफळही झाले, परंतु तिथे बसलेल्या शेकडो माणसांपैकी एकालाही त्या संध्याकाळी चित्रकथी पाहिली असे खरेपणाने म्हणता आले नसते.

यात कोणाचा हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही. कार्यक्रमपत्रिका तयार करताना प्रत्येक कलेला सारखी मिनिटे वाटून देणे न्यायाचे वाटते. नाचाच्या बाबतीत ते बहुतांशी चालूनही जाते, कारण फुगडीचा किंवा चपईचा एक फेर दहा मिनिटांतही रंगतो. कथेचे तसे नसते. तिला सुरुवात लागते, प्रसंग चढत जावा लागतो आणि ऐकणारा त्यात गुंतावा लागतो. अर्ध्यावर तोडलेले आख्यान हा त्या कलेचा नमुना म्हणूनसुद्धा उपयोगाचा नाही, कारण जे पाहून माणूस पुन्हा यावा, नेमके तेच त्यात आलेले नसते.

चामड्याच्या बाहुल्यांची अडचण आणखी वेगळी आहे. हा सावल्यांचा खेळ आहे. पांढऱ्या पडद्यामागे दिवा, दिवा आणि पडदा यांच्यामध्ये बाहुली, आणि समोर अंधार, एवढीच त्याची गरज असते. मांडवातले सगळे प्रखर दिवे चालू ठेवून आणि व्यासपीठामागच्या मोठ्या पडद्यावर प्रायोजकांच्या जाहिराती फिरत ठेवून तो खेळ करायला लावणे म्हणजे कलावंताला हात बांधून नाचायला सांगण्यासारखे आहे. दिवे अर्धा-पाऊण तास बंद ठेवायला पैसा लागत नाही. तेवढे ध्यानात मात्र यावे लागते.

दशावताराबद्दल तर या जिल्ह्यातील वाचकांना मी वेगळे काय सांगावे? तरीही महोत्सवाच्या व्यासपीठावर त्याचे जे होते ते नमूद करायला हवे. जत्रेत पालखी देवळाभोवती फिरून आली की मध्यरात्रीच्या सुमारास आडदशावतार, म्हणजे मुख्य आख्यानाआधीचा पूर्वरंग, सुरू होतो. गणपती, रिद्धी-सिद्धी, भटजी, सरस्वती, आणि मग ज्याची पोरे जागून वाट पाहत असतात तो काळ्या वेषातला संकासूर. तो मालवणीतून गावातल्या माणसांची नावे घेऊन थट्टा करतो आणि अखेर विष्णूच्या हातून मारला जातो. त्यानंतर मुख्य आख्यान लागते आणि ते पहाटेच्या दहीकाल्यापर्यंत चालते. या नाटकाला लिहिलेली संहिता नसते. कोणते आख्यान करायचे आणि कोणी कोणते पात्र घ्यायचे हे ठरते, बाकी सारे संवाद पायपेटी, मृदंग आणि झांज यांच्या संगतीने रंगभूमीवरच जन्माला येतात. दोन जाणते नट समोरासमोर आले की पुराणातला एक दाखला दुसऱ्याला जन्म देतो, वाद रंगत जातो आणि प्रेक्षक झोप विसरून पुढे सरकून बसतात. महोत्सवात मात्र आडदशावतार गाळला जातो, वादाला वेळ उरत नाही, आणि धूर सोडून केलेले एखादे युद्ध आणि एखादा ट्रिकसीन, म्हणजे युक्तीने दाखवलेला चमत्कार, एवढ्यावर प्रयोग आटोपतो. ट्रिकसीनला माझा विरोध नाही, जत्रेतही लोकांना ते आवडतात. परंतु पुण्या-मुंबईहून किंवा गोव्याहून प्रथमच आलेल्या पाहुण्याने तेवढेच पाहिले, तर शब्दावर पकड असलेल्या या नटांची खरी ताकद त्याला कधीच समजणार नाही. ‘रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा’ असे ज्यांच्याबद्दल म्हटले जाते, त्या माणसांना निदान रात्रीचे राजेपण तरी पुरते मिळायला हवे.

आयोजकांच्या अडचणी मी जाणतो. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनुसार रात्री 10 नंतर उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही, आणि सरकारने सवलत दिलेल्या वर्षातील मोजक्या दिवशी ती मुदत मध्यरात्रीपर्यंत वाढते. पर्यटक पहाटेपर्यंत थांबत नाहीत. अनेक मंडळांना व्यासपीठ द्यायचे असते, नाही म्हटले तर रुसवेफुगवे होतात. पण या अडचणींवर उपाय नाहीत असे नव्हे. महोत्सवातील एक पूर्ण संध्याकाळ एकाच दशावतारी मंडळाला दिली आणि प्रयोग सहा वाजता सुरू केला, तर आडदशावतारासह एक आख्यान दहाच्या आत नीट उभे राहू शकते. चित्रकथीसाठी मुख्य मांडवात जागा शोधूच नये. जवळच्या देवळाचा सभामंडप, शाळेचा वर्ग किंवा मैदानाच्या कडेला झावळ्यांचा आडोसा करून घातलेला लहानसा मांडव पुरेसा आहे. तिथे पन्नास-साठ माणसे खाली बसतील, ध्वनिवर्धकाची गरज पडणार नाही, आणि तासाभराचे एक आख्यान दुपारी शाळेच्या मुलांसाठी आणि एक सायंकाळी मोठ्यांसाठी होऊ शकेल. मुख्य व्यासपीठावर त्या वेळी काहीही चालू असले तरी बिघडत नाही. ज्याला ऐकायचे आहे तो तिथे जाऊन बसेल.

असे दुसरीकडे जमलेले आहे. नागालँडमध्ये कोहिमाजवळच्या किसामा येथे, 2000 साली सुरू झालेला हॉर्नबिल महोत्सव आता दर डिसेंबरच्या पहिल्या दहा दिवसांत भरतो. तिथे मोठ्या मैदानावर नृत्ये होतातच, पण प्रत्येक जमातीचे स्वतःचे मोरुंग, म्हणजे पारंपरिक पद्धतीचे सामुदायिक घरही उभारलेले आहे, आणि पाहुण्यांना त्या घरी जाऊन त्या माणसांना त्यांच्याच अंगणात भेटता येते. शांतिनिकेतनचा पौष मेळा 1894 पासूनचा. त्यातही बाऊल गायकांना ऐकायला लोक त्यांच्याभोवती कोंडाळे करून बसतात. दोन्ही ठिकाणी गर्दीचे आणि बाजारीकरणाचे प्रश्न आहेत, त्यांची हुबेहूब नक्कल आपण करावी असे मी सुचवत नाही. मोठ्या व्यासपीठाबरोबर लहान बैठकीलाही मान देता येतो, एवढे त्यांच्याकडून घेण्यासारखे आहे.

हस्तकलेच्या दालनांबद्दलही थोडे लिहितो, कारण तिथेही हीच घाई दिसते. सावंतवाडीची लाकडी खेळणी आणि फळे आज सर्वांना ठाऊक आहेत, पण महोत्सवातील दालनात ती नुसती मांडून ठेवलेली असतात, आणि शेजारच्या दालनात कारखान्यात बनलेली, कुठूनही आणलेली खेळणी कमी भावात विकली जात असतात. सावंतवाडीत ही खेळणी जिथे बनतात त्या चितारआळीतल्या कारागिराला तिथेच काम करायला जागा दिली, त्याच्या हातातला लाकडाचा तुकडा फळाचा आकार घेताना आणि त्यावर रंग चढताना लोकांनी पाहिला, तर भावातला फरक कोणालाही समजावून सांगावा लागणार नाही. बांबूकाम करणाऱ्यांचेही तेच. सुपाची किंवा रोवळीची वीण डोळ्यांदेखत घातली जाताना पाहणे ही मुलांसाठी मोठी पर्वणी असते.

गंजिफांची, म्हणजे खेळायच्या जुन्या गोल पत्त्यांची, गोष्ट तर मला फारच जिव्हाळ्याची वाटते. सावंतवाडीच्या राजघराण्याने, विशेषतः राजमाता सत्त्वशीलादेवींनी, लोपत चाललेली ही कला राजवाड्यात कारागिरांना बसवून पुन्हा उभी केली. दशावतारी गंजिफांत मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतारांच्या प्रत्येकी 12, अशा एकूण 120 गोल पानांचा संच असतो आणि त्यातील प्रत्येक पान हाताने रंगवलेले असते. महोत्सवात लोक ती पाने कौतुकाने पाहतात, चौकटीत बसवण्यासाठी विकत घेतात, पण तो खेळ आहे आणि खेळता येतो याची कल्पना फार थोड्यांना असते. दिवसा ज्याच्याकडे रामाचा राजा आला त्याने डाव सुरू करायचा, रात्री कृष्णाचा राजा असलेल्याने. काही अवतारांत दश्शी वरचढ आणि एक्का हलका, तर काहींत नेमके उलटे. हे नियम शिकवायला एक जाणकार, चार चटया आणि दोन संच पुरेत. महोत्सवात रोज दुपारी गंजिफांचा डाव मांडला, तर शाळकरी मुले तो किती लवकर उचलतील याबद्दल मला शंका नाही.

आणखी दोन व्यवहाराच्या गोष्टी. महोत्सवाच्या तारखा ठरवताना जत्रांचे दिवस टाळले जावेत. हंगामात चांगल्या दशावतारी मंडळांचे प्रयोग देवस्थानांशी आधीच बांधलेले असतात, आणि मोठ्या जत्रेच्या दिवशी महोत्सव ठेवला की एक तर मंडळाला गावाचा जुना शब्द मोडावा लागतो, नाही तर अर्ध्या संचानिशी प्रयोग करावा लागतो. दुसरे मानधनाचे. दिवसभराचा रोजगार बुडवून आलेल्या कलावंताला धनादेशासाठी महिनोन् महिने खेपा घालायला लागू नयेत. ठरलेली रक्कम प्रयोग संपताच हातात किंवा खात्यात पडावी आणि ती प्रयोगाच्या मिनिटांवर मोजली जाऊ नये.

सिंधुदुर्ग 1997 मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, त्यामुळे यापुढे असे महोत्सव वाढतच जाणार आणि ते वाढावेत अशीच माझी इच्छा आहे. यंदाच्या महोत्सवांची आखणी आता गावोगावी सुरू होईल. कार्यक्रमपत्रिका छापण्यापूर्वी आयोजकांनी पिंगुळीच्या चित्रकथीकारांना, दशावतारी मंडळांच्या चालकांना आणि चितारआळीतील कारागिरांना एका बैठकीला बोलवावे, त्यांना किती वेळ, किती प्रकाश आणि कशी जागा लागते हे त्यांच्याच तोंडून ऐकावे आणि त्याप्रमाणे वेळापत्रक बांधावे, ही नम्र विनंती. आमच्या परिसरातील मंडळाला मी या सूचना लेखी दिल्या आहेत. इतर तालुक्यांतील रसिकांनीही आपापल्या आयोजकांकडे हा आग्रह धरावा आणि यंदा जिथे एखादे आख्यान पुरते सांगितले जाईल, त्या महोत्सवाची बातमी आपण ठळकपणे द्यावी, ही आपणास विनंती.

आपला,
एक वाचक,
ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग