घारापुरीची लाँच फक्त टुरिस्टसाठीच आहे का?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

घारापुरी म्हटलं की सगळ्यांना गेटवे आठवतं, तिथून लाँच पकडायची, तासाभरात बेटावर उतरायचं, लेणी बघायची, फोटो काढायचे आणि संध्याकाळच्या आत परत. त्याला कुणाचीच हरकत नाही, बेटावरच्या कितीतरी घरांची चूल त्याच टुरिस्टवर पेटते. पण हे बेट मुंबईत नाहीये हो, ते रायगड जिल्ह्यात उरण तालुक्यात आहे. म्हणजे तहसील उरणला, पंचायत समिती उरणला, बाजार उरणला, मुलांचं कॉलेज उरणला आणि लाँच मात्र गेटवेला! ही उलटी गोष्ट इतकी वर्षं चाललीय आणि कुणाला त्यात काही खटकत कसं नाही हेच मला कळत नाही.

मी उरणला राहतो, माझी मोठी बहीण शेतबंदरला दिलेली आहे, त्यामुळे हे सगळं घरातलंच आहे. बेटावर शेतबंदर, राजबंदर, मोराबंदर अशी तीन गावं. समोर किनाऱ्यावरचं न्हावा गाव दिसतं, रात्री जेएनपीटी बंदराच्या क्रेनचे दिवे दिसतात, उरण काही लांब नाही. पण गेटवेला जशी सकाळपासून एकामागून एक लाँच सुटते तशी ठराविक टायमाची सेवा आमच्या बाजूला नाही. मग कुणाची होडी जातेय का बघा, फोन करा, पाणी कधी चढतंय ते विचारा. सोमवारी लेणी बंद, म्हणजे टुरिस्ट नाही, आणि टुरिस्ट नाही तर लाँच कशाला सोडतील. दाखला काढायचा असेल, पेन्शनचं काम असेल, तर सरकारी ऑफिस नेमकं सोमवारी चालू असतं ना!

पावसाळ्यात तर विचारूच नका. तीन नंबरचा बावटा, म्हणजे वादळी हवेचा इशारा, लागला की सगळं बंद, आणि ते बरोबरच आहे, दर्यात जिवाशी खेळ कुणी करू नये असंच माझं मत आहे. पण बावटा उतरल्यावर तरी लाँच कधी सुटणार हे कुणीतरी सांगायला पाहिजे की नाही? भाचा उरणला कॉलेजला आहे, पावसाळ्यात तो आमच्याकडेच राहतो कारण रोज येणं-जाणं जमतच नाही. ज्यांचं उरणला कुणी नाही त्यांच्या पोरांनी काय करायचं? पोरींचं शिक्षण तर अशाच कारणाने लवकर थांबतं, हे मी डोळ्यांनी बघितलंय. रात्री-अपरात्री कुणाचं दुखायला लागलं की आधी होडी शोधायची, मग तांडेल, म्हणजे होडी चालवणारा, उठवायचा, मग ओहोटी आहे की भरती ते बघायचं.

ओहोटीचं निघालंच आहे तर मोऱ्याबद्दल पण लिहितो, म्हणजे उरणचं मोरा बंदर, बेटावरचं मोराबंदर नव्हे. भाऊचा धक्का ते मोरा हा आमचा जुना मार्ग, अटल सेतू आणि उरणची लोकल यायच्या कितीतरी आधीपासूनचा. पण मोरा बंदरात एवढा गाळ साचतो की मोठ्या ओहोटीला लाँच धक्क्याला लागतच नाही, पाणी चढेपर्यंत माणसं ताटकळत बसतात. गाळ काढतात, परत भरतो, परत काढतात. उद्या घारापुरीची लाँच मोऱ्याला आणायची म्हटली तरी आधी हा गाळाचा प्रश्न सोडवायला लागेल.

२०२२ मध्ये बेलापूरहून वॉटर टॅक्सी सुरू केली, त्यात घारापुरीचं पण नाव होतं. स्पीडबोटीचं भाडं असं की रोज जाणाऱ्या माणसाने त्याचा विचारही करू नये. म्हणजे ती पण टुरिस्टसाठीच झाली. १२ जानेवारी २०२४ ला २१.८ किलोमीटरचा अटल सेतू सुरू झाला, त्याचा आम्हाला अभिमानच आहे, पण बेटावरची म्हातारी माणसं तो लांबून नुसता बघतात. ह्याच बेटावर कायमची वीज २०१८ ला पोचली, समुद्राखालून केबल टाकून. केबल टाकता येते तर दिवसातून चार लाँच का सोडता येत नाहीत?

आणि १८ डिसेंबर २०२४ विसरता येत नाही. गेटवेहून घारापुरीला निघालेल्या नीलकमल लाँचवर नौदलाची स्पीडबोट आदळली आणि १५ जीव गेले. त्यानंतर गेटवेला लाइफ जॅकेटची सक्ती झाली, चांगलं झालं, पण गावकरी ज्या छोट्या होड्यांतून जातात त्यांच्याकडे कोण बघतं?

माझी मेरीटाईम बोर्डाला आणि जिल्हा प्रशासनाला कळकळीची विनंती आहे की घारापुरी-मोरा आणि घारापुरी-न्हावा अशा दोन मार्गांवर सरकारी खर्चाने लाँच सुरू करा, सोमवार धरून. सकाळी कॉलेज-ऑफिसच्या आधी एक, दुपारी एक, संध्याकाळी दोन. एसटीला विद्यार्थ्यांचा पास असतो तसा पास लाँचला पण द्या. धंदा होत नाही म्हणून खाजगी मालक येणार नाहीत हे मान्य आहे, मग एसटी काय प्रत्येक गावात नफा बघून जाते का? आणि एक लाँच रात्री बेटावरच मुक्कामाला ठेवा, तांडेलासकट, आजारी माणसासाठी.

पत्र छापलंत तर बरं होईल, बहीण म्हणाली तू लिही, कुणीतरी वाचेल.

आपला,
एक वाचक, उरण