एकाच किनाऱ्याचे दोन शून्य : एका निवृत्त नौदल अधिकाऱ्यांस आभार पत्र

आदरणीय कमांडर साहेब,

सादर नमस्कार.

कोणी आभार मानलेले आपल्याला आवडत नाही, हे मला ठाऊक आहे. व्याख्यान संपल्यावर मी हात जोडले, तेव्हा आपण त्या हातांत छत्री ठेवलीत आणि "पाऊस वाढतोय, निघा आता" एवढेच म्हणालात. समोर बसून जे बोलू दिले नाहीत, ते म्हणून उघड पत्रातून आणि आपल्या इच्छेप्रमाणे आपले नाव न घालता लिहीत आहे.

वास्कोतल्या आमच्या व्याख्यानमालेत मला मुरगाव बंदरातल्या ९ मार्च १९४३ च्या रात्रीवर बोलायचे होते. त्या रात्रीशी माझे नाते आजीमुळे जुळले. ती तेव्हा बंदराजवळच्या पठारावर, सड्यावर राहायची, आणि आगबोटी पेटल्या तेव्हा अंगणात दिवा न लावता तांदूळ निवडता आले असते, असे ती आम्हाला सांगायची. त्या उजेडाच्या ओढीने मी बावीस पाने लिहिली आणि आपल्याकडे दिली. आठवड्याने ती परत आली तेव्हा समासात चौदा ठिकाणी पेन्सिलीने एकच प्रश्न लिहिलेला होता : "हे कोणाच्या हुकमाखाली?"

मला एकाही ठिकाणी धड उत्तर देता आले नाही. मी फक्त शौर्य लिहिले होते. जर्मनीची एहरेनफेल्स, ड्राखेनफेल्स व ब्राउनफेल्स आणि इटलीचे आंफोरा ही व्यापारी जहाजे तटस्थ पोर्तुगालच्या या बंदरात आश्रयाला होती. एहरेनफेल्सवरच्या बिनतारी यंत्रावरून पाणबुड्यांना जहाजांच्या हालचाली कळवल्या जातात, असा ब्रिटिशांना संशय होता. आणि तटस्थ पाण्यात नौदल उघडपणे पाठवता येत नसल्यामुळे स्पेशल ऑपरेशन्स एक्झिक्युटिव्ह या गुप्त संघटनेने कलकत्ता लाइट हॉर्सचे १४ आणि कलकत्ता स्कॉटिशचे ४, असे हौशी पलटणींतले स्वयंसेवक निवडले. एरवी व्यापार-कचेऱ्यांत काम करणारी, बहुतेक मध्यमवयीन अशी ही माणसे. फीबी नावाची एक बार्ज, म्हणजे मालवाहू बोट, कलकत्त्याहून निघून सगळा किनारा वळसा घालून आली, आणि बरीचशी माणसे रेल्वेने कोचीनला जाऊन तिच्यावर चढली. बार्ज म्हणजे किती संथ वाहन, हे झुआरीच्या काठावर वाढलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. त्या रात्री त्यांनी एहरेनफेल्सवर चढून हल्ला केला; तिचा कप्तान मारला गेला, खलाशांनी तळाच्या झडपा उघडून जहाज बुडवले, उरलेल्या तिन्ही जहाजांनाही त्यांच्याच खलाशांनी जलसमाधी दिली, आणि हल्लेखोरांपैकी कोणी दगावले नाही. हे सारे पुढे पस्तीस वर्षे गुप्त राहिले.

आपण मात्र त्या धाडसापेक्षा वेगवेगळी माणसे जिथे जोडली जातात त्या सांध्यांकडे पाहायला लावलेत. लाइट हॉर्सची माणसे एकमेकांना वर्षानुवर्षे ओळखत होती, परकी होती ती गुप्त संघटनेची मोजकी माणसे. सांधे थोडे, म्हणून गळती थोडी, असे आपण म्हणालात. भिन्न दलांची आणि भिन्न देशांची माणसे एकत्र लढवायची, तर धैर्याची चिंता करू नये, ते प्रत्येकाने घरूनच आणलेले असते. चिंता करावी ती दोघांच्या मधल्या जागेची, हा आपला विचार मला त्या दिवशी पूर्णपणे कळला नव्हता.

कळला तो आपल्या जेवणाच्या टेबलावर. आपण मुरगावचा सागरी नकाशा पसरलात, त्याच्याशेजारी त्याच किनाऱ्याचा जमिनीचा नकाशा ठेवलात आणि मला दोन्हींवरचा शून्य शोधायला सांगितलात. जमिनीच्या नकाशातली उंची सरासरी समुद्रपातळीपासून मोजलेली असते, तर सागरी नकाशातली खोली जवळजवळ सर्वांत खालच्या ओहोटीच्या पातळीपासून; आपल्या किनाऱ्यावर या दोन शून्यांत मीटरभराचे तरी अंतर पडते. पाण्याखालून पोहत येणारा नौदलाचा पाणबुड्या आणि डोंगरावरून उतरणारा पायदळाचा जवान एकाच खडकाबद्दल बोलत असतात, दोघेही आपापल्या कागदाप्रमाणे बरोबर असतात, आणि तरीही त्यांच्यात कमरेइतके पाणी उभे राहते. हे सांगताना आपण खडकाच्या खुणेवर ठेवलेले बोट अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. त्या बोटाचे पेर कशात तरी अडकून तुटलेले आहे आणि त्याविषयी आपण कधीही काही सांगितले नाही.

त्यानंतर आपण मला वाचायला लावलेल्या प्रत्येक प्रकरणात मी ते दोन शून्य शोधू लागलो. जुलै १९४२ मध्ये अमेरिका आणि कॅनडा यांनी मिळून फर्स्ट स्पेशल सर्व्हिस फोर्स उभारले. त्यात दोन देशांच्या वेगळ्या तुकड्या नव्हत्या. एकाच तुकडीत, एकाच तंबूत दोन्ही देशांचे सैनिक होते. गणवेश एक झाला, कवायतीच्या हुकमांवर तडजोड झाली, पण पगार आपापल्या देशाचा राहिला, आणि तेच काम करणाऱ्या कॅनेडियन सैनिकाला कमी पैसे मिळत. तरीही डिसेंबर १९४३ मध्ये इटलीतला मोन्ते ला दिफेन्सा त्यांनी रात्री कडा चढून जिंकला. डिसेंबर १९४४ मध्ये दक्षिण फ्रान्समध्ये हे दल मोडले, त्या शेवटच्या संचलनात कॅनेडियन सैनिक रांगांतून बाहेर पडले आणि अमेरिकनांनी त्यांच्या रिकाम्या जागा भरून न काढता तशाच ठेवल्या. हा प्रसंग व्याख्यानात वाचताना माझा आवाज अडखळला होता, हे आपल्या लक्षात आले असेलच.

उलट उदाहरणही आपणच दिलेत, आणि ते गाळू नका असे बजावलेत. एप्रिल १९८० मध्ये इराणमध्ये ओलीस धरलेल्या अमेरिकनांच्या सुटकेसाठी अमेरिकेने लष्कराचे डेल्टा पथक, हवाई दलाची विमाने आणि नौदलाची हेलिकॉप्टरे एकत्र आणली. ती हेलिकॉप्टरे चालवणारे बहुतेक वैमानिक मात्र मरीन या आणखी वेगळ्या दलाचे होते. सर्वांनी मिळून सुरुवातीपासून शेवटपर्यंतचा एकही पूर्ण सराव केला नव्हता. निघालेल्या आठ हेलिकॉप्टरांपैकी वाळवंटात पाचच कामाची उरली, किमान सहा लागणार होती, मोहीम सोडून द्यावी लागली, आणि परतीच्या तयारीत एक हेलिकॉप्टर विमानावर आदळून आठ जणांचा मृत्यू झाला. प्रत्येक जण आपल्या कामात तरबेज होता. सर्व दलांच्या विशेष पथकांसाठी १९८७ मध्ये अमेरिकेत एक स्वतंत्र कमांड उभी राहिली, तिच्या मुळाशी ही रात्र होती.

व्याख्यानानंतर एका एनसीसी छात्रेने विचारले, की इतका त्रास असेल तर एकाच दलाची माणसे का पाठवत नाहीत. मी चाचपडत होतो आणि आपण शेवटच्या रांगेतून उठलात. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिशांच्या १० क्रमांकाच्या कमांडो दलात फ्रेंच, डच, बेल्जियन, नॉर्वेजियन, पोलिश आणि युगोस्लाव्ह तुकड्या होत्या, आणि एका तुकडीत जर्मनी-ऑस्ट्रियातून जीव वाचवून आलेले, बहुतांशी ज्यू निर्वासित होते, ज्यांना इंग्रजी नावे देण्यात आली होती, कारण पकडले गेले असते तर खऱ्या नावाने त्यांचा घात झाला असता. शत्रूची भाषा आईच्या तोंडून शिकलेला माणूस कोणत्याही एका सैन्याला छावणीत घडवता येत नाही, असे आपण तिला सांगितलेत. १९४४ मध्ये फ्रान्समध्ये उतरवलेल्या तीन-तीन जणांच्या जेडबर्ग पथकांचेही तसेच. एक ब्रिटिश किंवा अमेरिकन अधिकारी, एक फ्रेंच अधिकारी आणि एक बिनतारी चालवणारा अशी सहसा रचना असे. आपल्याकडे २०१९ मध्ये लष्कराचे पॅरा, नौदलाचे मार्कोस आणि हवाई दलाचे गरुड या विशेष पथकांचा मिळून जो एकत्रित विभाग स्थापन झाला, त्याविषयी आपण एकच वाक्य बोललात : "त्यांना एकत्र जेवायला भरपूर वेळ मिळो." त्या मुलीने ते वहीत उतरवून घेतले.

साहेब, चार महिने दर रविवारी आपण माझ्यासाठी दार उघडलेत, तब्येत बरी नसतानाही दोनदा सड्याच्या टोकापर्यंत चढून आलात, आणि आजीचे अंगण जिथे होते तिथे उभे राहून ती चार जहाजे साधारण कुठे नांगरलेली असतील हे काठीने दाखवलेत. आजीने आम्हाला फक्त उजेड सांगितला होता. त्या उजेडाखाली कोण कोणाच्या भरवशावर उभे होते, ते मला आपल्यामुळे दिसले. याबद्दल मी आपला मनापासून ऋणी आहे.

आपला सागरी नकाशा अजून माझ्याकडेच आहे. त्या छात्रेला दोन्ही शून्य स्वतः मोजून पाहायचे आहेत. आपली परवानगी असेल तर येत्या रविवारी तिला घेऊन येतो.

आपला कृतज्ञ,
वास्कोतील एक शिक्षक