चपटू लालबागला राहून गेला, आता आपल्या शाळांनीही असा पाहुणा पाठवावा

संपादक, सप्रेम नमस्कार.

मार्चमध्ये आमच्याकडे कॅनडाहून एक पाहुणा आला होता, पाकिटातून. माझ्या भाचीची मुलगी तिकडे तिसरीत आहे, तिच्या शाळेचा प्रोजेक्ट म्हणून तिने वीतभर उंचीचा कागदाचा मुलगा कापून, रंगवून पाठवला आणि सोबत चिठ्ठी, की आजी याला पंधरा दिवस ठेवून घे, काय काय दाखवलं ते वहीत लिही, फोटो काढ आणि परत पाठव. आमच्या मजल्यावरच्या पोरांनी त्याचं नाव लगेच चपटू ठेवलं.

ही कल्पना मूळची तिकडचीच. स्टॅन्ली नावाच्या मुलावर रात्री भिंतीवरचा नोटीस बोर्ड पडतो, तो कागदासारखा चपटा होतो आणि मग घरचे त्याला पाकिटात घालून मित्राकडे पाठवतात, अशी 1964 सालची एक गोष्ट आहे. त्यावरून 1995 मध्ये ऑन्टॅरिओतल्या लंडन गावचे शिक्षक डेल ह्यूबर्ट यांनी मुलांना पत्रं लिहायची गोडी लागावी म्हणून हा उपक्रम काढला आणि तो देशोदेशी पसरला.

पहिल्या दिवशी मला वाटलं गेटवे, राणीबागेतले पेंग्विन, सीएसएमटी असं सगळं दाखवावं. पण चिठ्ठीतले प्रश्न बघितले तर वेगळेच. तुमच्याकडे मुलं शाळेत कशी जातात? दुपारी काय खातात? सकाळी खिडकीतून कसला आवाज येतो? म्हणजे त्या पोरीला इमारती बघायच्याच नव्हत्या, तिला आपला दिवस बघायचा होता. मग मी चपटूला घेऊन आमच्याच गल्लीत फिरले. मार्च म्हणजे लालबागला मसाल्याचा सीझन, बायका मिरच्या, धणे, खसखस घेऊन मसाला कुटायच्या डंकावर नंबर लावून बसलेल्या, मिरचीचा खकाणा उठला की अख्खी रांग एकदम ठसकते. तिथे एका काकूंनी त्याला हातात घेऊन नीट बघितलं आणि त्यांच्या बोटांचा हळदीचा डाग त्याच्या कोपराला लागला तो लागलाच. मला फार वाईट वाटलं, पोरीने केवढ्या मेहनतीने रंगवलेला, पण तिला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली पुसू नको आजी, मी वर्गात सांगेन हा मुंबईचा डाग आहे.

खरी गंमत पुढे झाली. शेजारचा चौथीतला मुलगा म्हणाला आजी, शाळेत कसे जातात ते मीच दाखवतो ना, आणि चपटूला वहीत घालून घेऊन गेला. रोज संध्याकाळी येऊन माझ्याकडे बसून लिहायचा, अक्षर वाकडं पण वाक्यं त्याची स्वतःची, "आज चपटूने माझ्या डब्यातली भेंडी खाल्ली नाही, मी पण नाही खाल्ली." एरवी दहा ओळींचा निबंध पाठ करून लिहिणारा मुलगा हो हा! पण पाकिटावर पत्ता लिहायची वेळ आली तेव्हा कळलं की याला स्वतःचाच पत्ता लिहिता येत नाही, पिनकोड म्हणजे काय तेही माहीत नाही. मग त्याला सांगितलं की 15 ऑगस्ट 1972 ला पिनकोड सुरू झाला आणि तो आणणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपले मराठी गृहस्थ, वर संस्कृतचे कवी, आणि पहिला आकडा 4 म्हणजे महाराष्ट्राकडचा भाग. त्यानंतर दोन दिवस तो मजल्यावर सगळ्यांना त्यांच्या गावाचा पिन विचारत सुटला होता.

पाकीट टाकायला आम्ही मुद्दाम जीपीओत, म्हणजे मुंबईच्या मुख्य पोस्टात गेलो. 1913 साली पूर्ण झालेली ती इमारत, विजापूरच्या गोलघुमटावरून बेतलेला तिचा घुमट, आणि खाली उभं राहून तो पोरगा वर बघतोय. मी इतकी वर्षं मुंबईत आहे, मला तो घुमट त्या दिवशी पहिल्यांदा नीट दिसला.

एक गोष्ट मात्र मनाला लागली. त्याने चपटूला वर्गात दाखवायला काढलं तर परीक्षा तोंडावर आलीय, हे खेळ नकोत म्हणून दप्तरात ठेवायला लावलं. बाईंवर माझा राग नाही, पोर्शन संपवायचा त्यांच्यावरही ताण असतोच, पण पोरगा आपणहून लिहितोय तो अभ्यास नाही तर काय आहे?

म्हणून विनंती एवढीच, की जूनमध्ये शाळा सुरू होतील तेव्हा आपल्या मराठी शाळांनी हे करून बघावं. परदेशात पाठवायची काही गरज नाही, परळच्या पोराने मेळघाटात पाठवावा, मालवणच्या पोरीने मुंबईत. साधं पत्र 20 ग्रॅमपर्यंत 5 रुपयांत देशात कुठेही जातं, त्यात कागदाचा मुलगा आणि एक चिठ्ठी आरामात बसते, लॅमिनेशनही नको. फक्त पत्ता शाळेचा घालावा, मुलाच्या घरचा नको, आणि बाहुल्यावर पूर्ण नाव लिहू नये, एवढी काळजी घ्यावी.

आमच्या शेजारच्याने त्याचा स्वतःचा एक कापून ठेवलाय, डोक्यावर पांढरी टोपी आणि हातात डबा, डबेवाला म्हणे. कणकवलीजवळ त्याच्या मामाची मुलगी ज्या शाळेत आहे तिथल्या बाईंनी त्याला पंधरा दिवस ठेवून घ्यायचं कबूल केलंय. पत्ता त्याने स्वतः लिहिलाय, पिनकोडसकट, सोमवारी पाकीट टाकणार आहोत.

- एक आजी, लालबाग, मुंबई