जनुक शाबूत, तरीही मूक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या विज्ञान पुरवणीतील आनुवंशिकतेवरचा लेख आवडला. मात्र डीएनएची अक्षरे कळली की पेशी काय करणार हेही कळते, असा समज त्यातून होण्याची शक्यता आहे, म्हणून हे पत्र.

माणसाच्या एका पेशीतील डीएनए सलग मांडला, तर सुमारे २ मीटर भरतो आणि मावतो मात्र मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान केंद्रकात. त्यासाठी सुमारे १४७ आधारक-जोड्यांचा (म्हणजे डीएनएच्या अक्षरांच्या जोड्यांचा) एकेक तुकडा आठ हिस्टोन प्रथिनांच्या गाभ्याभोवती जवळपास पावणेदोन वेढे घेतो. या घटकाला न्यूक्लिओसोम म्हणतात. पाठ्यपुस्तके हे वर्णन बहुधा जागा वाचवण्याची युक्ती म्हणून करतात आणि तेथेच थांबतात. वास्तविक जेथे गुंडाळी घट्ट, तेथे जनुक वाचणाऱ्या प्रथिनांना सहसा शिरकावच मिळत नाही.

याचा बोलका पुरावा फळमाशीच्या डोळ्यात आहे. आनुवंशिकीशास्त्रज्ञ हर्मन मुलर यांना १९३० मध्ये क्ष-किरणांचा मारा केलेल्या माश्यांच्या वंशात लाल-पांढरे ठिपकेदार डोळे आढळले. लाल रंगासाठी लागणारे जनुक या माश्यांत शाबूत होते. गुणसूत्राचा तुकडा उलटल्यामुळे ते घट्ट गुंडाळलेल्या भागाच्या शेजारी जाऊन पडले होते, एवढेच. ही घट्ट गुंडाळी ज्या पेशींत जनुकापर्यंत पसरली तेथे ते गप्प झाले, जेथे पोहोचली नाही तेथे लाल रंग उमटला. एकाच डोळ्यातील शेजारशेजारच्या पेशी, अक्षरे तीच, आणि परिणाम वेगळा! (गंमत अशी की, लाल रंग देणाऱ्या या जनुकाचे नाव 'व्हाइट' आहे, कारण ते बिघडले की डोळा पांढरा होतो.)

ही गुंडाळी कायमची नसते. हिस्टोनच्या शेपट्यांवरील (बाहेर डोकावणाऱ्या टोकांवरील) लायसीन या अमिनो आम्लाचा धनभार डीएनएच्या ऋणभाराला धरून ठेवतो. तेथे अॅसिटिल हा छोटा रासायनिक गट जोडला गेला की तो धनभार नाहीसा होतो, पकड सैलावते आणि जनुक वाचले जाण्याची शक्यता वाढते. हा संबंध जीवरसायनशास्त्रज्ञ व्हिन्सेंट ऑलफ्री आणि सहकाऱ्यांनी १९६४ मध्येच सुचवला होता, पण असा गट जोडणारे विकर (एन्झाइम) जनुक-नियंत्रणाशी थेट जोडले जायला १९९६ उजाडले.

अर्थात, गुंडाळीच सारे ठरवते असे म्हणणे ही दुसऱ्या टोकाची चूक ठरेल. अॅसिटिल गट जोडणारी विकरे नेमक्या जागी आणून सोडणारी प्रथिने बहुधा डीएनएची अक्षरे ओळखूनच तेथे बसतात, आणि त्यांतील काही तर गुंडाळलेल्या डीएनएवरही पकड घेऊ शकतात. तेव्हा पुरवणीत यापुढे 'अमुक आजाराचे जनुक सापडले' अशी बातमी देताना ते जनुक कोणत्या पेशीत उघडे असते आणि कोणत्या पेशीत मिटलेले, हेही एका वाक्यात सांगावे, ही विनंती. अॅसिटिल गट काढून टाकणाऱ्या विकरांना रोखणारे व्होरिनोस्टॅट हे औषध त्वचेच्या एका लिम्फोमासाठी (लसिका पेशींच्या कर्करोगासाठी) अमेरिकेत २००६ पासून मान्यताप्राप्त आहे. त्याची बातमी जनुकांच्या अक्षरांपुरतीच लिहिली, तर औषध नेमके कशावर काम करते हे वाचकाला कळणारच नाही.

आपला,
एक नियमित वाचक