फ्लेअर विझवल्याचं क्रेडिट कुणाला द्यायचं?

संपादक महोदय,

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात कार्बन क्रेडिटवर (म्हणजे प्रदूषण कमी केल्याबद्दल मिळणारं, विकता येणारं प्रमाणपत्र) लेख आला होता, त्यात तेलविहिरींवर जाळल्या जाणाऱ्या गॅसचा उल्लेख फक्त एका ओळीत होता म्हणून लिहितोय. मी उरणचा, ऑफशोरला, म्हणजे समुद्रातल्या तेलविहिरींवर, इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये (मोजमापाच्या यंत्रांच्या कामात) बरीच वर्षं काढली, फ्लेअर, म्हणजे गॅस जाळणारी ज्वाला, रात्रंदिवस डोळ्यासमोर असायचा, त्यामुळे हा विषय एका ओळीत आटपलेला बघून वाईट वाटलं.

तेल वर येतं तेव्हा त्याच्यासोबत गॅस येतोच, त्याला असोसिएटेड गॅस म्हणतात, आणि तो न्यायला पाइपलाइन नसेल किंवा घेणारं गिऱ्हाईक नसेल तर सरळ पेटवून देतात. वर्ल्ड बँकेच्या आकड्यांप्रमाणे २०२४ मध्ये जगात असा १५१ अब्ज घनमीटर गॅस जळाला. आपल्या अख्ख्या देशाला वर्षभर लागतो त्याच्या दुप्पट! आणि २०३० पर्यंत रूटीन फ्लेअरिंग, म्हणजे असं नेहमीचं गॅस जाळणं, बंद करायचं हे तर २०१५ मध्येच ठरलं होतं.

मुंबई हायला १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं तेव्हा सुरुवातीची वर्षं आपणही बराच गॅस जाळला, कारण किनाऱ्यावर तो घेणारं पुरेसं कोणी नव्हतं. मग थळचा खत कारखाना आला, हजिऱ्याहून उत्तरेकडे मोठी पाइपलाइन गेली, गॅसला गिऱ्हाईक मिळालं आणि ज्वाला खाली आली. तेव्हा कार्बन क्रेडिट हा शब्दसुद्धा कुणी ऐकला नव्हता. नंतर क्योटो हवामान कराराच्या सीडीएम योजनेत (विकसनशील देशातल्या प्रकल्पाने प्रदूषण कमी केलं की त्याची क्रेडिटं श्रीमंत देशांनी विकत घ्यायची) उरणच्या प्लांटमधल्या फ्लेअर गॅस रिकव्हरीची नोंद झाली, म्हणजे फ्लेअरकडे जाणारा उरलासुरला गॅस कॉम्प्रेसरने परत प्रोसेसमध्ये घ्यायचा. अशा कामाला क्रेडिटचा पैसा मिळाला तर मला आनंदच आहे, कारण तिथे गॅस थोडा असतो, खर्च जास्त असतो, आणि नुसता गॅस विकून तो भरून निघेलच असं नाही.

पण नायजेरियाचं बघा. तिथे १९८४ पासून परवानगीशिवाय गॅस जाळायला कायद्याने बंदी आहे, तरी परवानग्या मिळत गेल्या, दंड किरकोळ, आणि नायजर डेल्टातली गावं त्या उजेडात आणि धुरात राहिली. २००५ मध्ये तिथल्या कोर्टाने सांगितलं की हे लोकांच्या जगण्याच्या हक्काविरुद्ध आहे, आणि पुढच्याच वर्षी त्याच डेल्टातल्या क्वालेचा गॅस वीजकेंद्राला देण्याच्या प्रकल्पाला सीडीएमची मान्यता मिळाली. वीज झाली हे चांगलंच झालं, पण जे कायद्याने आधीच बंद करायला हवं होतं ते बंद केल्याबद्दल क्रेडिट दिलं तर कायदा पाळायला उशीर करणाऱ्याचाच फायदा होतो ना, आणि ते क्रेडिट विकत घेऊन दुसरीकडे कुणीतरी आपला धूर चालू ठेवतो, मग हवेत फरक काय पडला?

दुसरी गोष्ट मोजमापाची, माझं आयुष्य त्यातच गेलं म्हणून जरा जास्त लिहितो. फ्लेअरमध्ये ९८ टक्के गॅस जळतो असं हिशोबात धरतात, पण अमेरिकेत विमानाने घिरट्या घालून मोजलं तेव्हा २०२२ च्या अभ्यासात प्रत्यक्षात ९१ टक्केच निघाले, कारण काही फ्लेअर नीट जळत नव्हते आणि काही तर चक्क विझलेले होते. विझलेला फ्लेअर जळत्यापेक्षा वाईट, कारण सगळा मिथेन तसाच हवेत जातो आणि वीस वर्षांच्या हिशोबात तो कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशी पटीपेक्षा जास्त उष्णता धरतो. सॅटेलाइटला मात्र उजेड कमी झालेला दिसतो! नुसती ज्वाला बघून क्रेडिट वाटली तर न जळालेल्या गॅसलाही बक्षीस मिळेल.

आपल्या देशाची स्वतःची कार्बन क्रेडिट योजना २०२३ मध्ये जाहीर झालीये. तेलविहिरींचा गॅस त्यात घ्यायचा तर आधी प्रत्येक फ्लेअर लाइनवर मीटर पाहिजे, त्याचं कॅलिब्रेशन (मीटर बरोबर दाखवतो का याची तपासणी) कंपनीबाहेरच्या माणसाकडून झालं पाहिजे आणि रीडिंग दर महिन्याला लोकांसमोर आलं पाहिजे. क्रेडिट द्यायचंच तर लहान, लांबच्या विहिरींना द्या, जिथे पाइपलाइन खरंच परवडत नाही. मोठ्या फील्डला कायदा पुरेसा आहे, तो लावा. तुमच्या पेपरने हे आकडे मागायला सुरुवात करावी अशी विनंती, उरण-अलिबागकडचे वाचक नक्की वाचतील.

आपला,
एक वाचक, उरण