मधाचे गुण सांगताना माश्यांकडंही बघा

मा. संपादक साहेब,
नमस्कार. थंडी पडली की व्हॉट्सॲपवर मधाचे फायदे फिरायला लागतात, खोकल्याला मध, भाजलेल्यावर मध, आणि त्यात बरंचसं खरं आहे. मी पाचगणी भागातला मधपाळ, सातेरीच्या, म्हणजे आपल्या देशी पाळीव मधमाशीच्या, नऊ पेट्या होत्या, आता सहा राहिल्यात, त्याबद्दलच लिहितोय.

आधी मध काम कसा करतो ते सांगतो. पिकलेल्या मधात पाणी असतं १८ टक्क्यांच्या आसपास, साखर इतकी दाट की जंतूंच्या अंगातलंच पाणी ओढलं जातं, वर मध आंबट गुणाचा. आणि मुख्य गोष्ट म्हणजे माशी फुलातला रस पोटातून आणताना त्यात स्वतःचं एक एन्झाइम मिसळते, ग्लुकोज ऑक्सिडेज. जखमेतल्या पाण्यानं मध पातळ झाला की हे एन्झाइम हळूहळू हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतं, म्हणजे डॉक्टर जखम धुवायला वापरतात तेच, पण अगदी थोडं थोडं. ही साखरेची करामत नाही, माशीची आहे. म्हणून मध थिजला की लोक पातेलं गॅसवर ठेवून उकळी आणतात ते बघून जीव तुटतो, गोडी राहते पण एन्झाइम जातं. थिजलेला मध भेसळीचाच असतो असं नाही हो, बरणी कोमट पाण्यात ठेवा, सुटतो. (एक वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मध चाटवू नका, आजी कितीही म्हणाली तरी, त्यात बोटुलिझम या गंभीर विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. आणि खोल जखमेवर घरातला मध नको, दवाखान्यात वापरतात तो निर्जंतुक केलेला वेगळा असतो.)

आता पेट्यांचं. गेल्या सीझनला स्ट्रॉबेरी ऐन फुलात असताना शेजारच्या रानात सकाळी दहाला फवारणी झाली. दुपारी जाऊन बघतो तर पेटीच्या दारापुढं माश्यांचा सडा, पंख पसरलेले, जिभा बाहेर लोंबलेल्या. काही अजून वळवळत होत्या, गोल गोल फिरत होत्या. चाऱ्याला जाणाऱ्या माश्याच संपल्या मग आत पिल्लांना कोण सांभाळणार, पंधरा दिवसांत पोळ्यात मेणकिडा शिरला आणि तीन पेट्या रिकाम्या झाल्या. शेजाऱ्यानं मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. पण त्याच्याच स्ट्रॉबेरीला परागासाठी मधमाशीची गरज असते, एका फुलात शेकडो स्त्रीकेसर असतात आणि ज्यांवर पराग पडत नाही तिथलं फळ भरत नाही, ते वाकडं निघतं, वाकडी फळं बाजारात कोण घेतं ते त्याला माझ्यापेक्षा जास्त माहिती.

अजून एक, काही मधपाळ पिल्लं मरायला लागली की साखरेच्या पाण्यात अँटिबायोटिक घालतात. सातेरीला होणारा थाई सॅकब्रूड हा विषाणूचा आजार आहे, त्यात अळी पाण्यानं भरलेल्या पिशवीसारखी होते, चिमट्यानं उचलली की लोंबते. विषाणूवर अँटिबायोटिक चालतच नाही, उलट त्याचा अंश मधात उतरतो. ज्या मधाला आपण नैसर्गिक औषध म्हणतो त्यातच दुकानातलं औषध! त्यापेक्षा आजारी पोळी काढून टाकायची, पेटी साफ ठेवायची, माश्यांना त्यांचा थोडा मध राहू द्यायचा, सगळाच पिळून घ्यायचा नाही.

आपल्या महाबळेश्वरला खादी ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे, २०२२ मध्ये मांघर देशातलं पहिलं मधाचं गाव झालं, याचा अभिमान आहेच. माझी मागणी एवढीच की फवारणीच्या वेळेबद्दल गावोगावच्या ग्रामसभेत एकदा तरी बोलणं व्हावं. पीक फुलात असताना शक्यतो फवारू नका, फवारायचंच असेल तर सूर्य मावळल्यावर, तेव्हा माश्या घरात असतात. आणि आदल्या दिवशी पेटीवाल्याला एक फोन करा, आम्ही रात्रीतून पेट्या लांब हलवतो.

आपला,
एक मधपाळ, ता. महाबळेश्वर, जि. सातारा